राग आलेला असताना नमाज कशी पढायची?

चादरगल्ली
मंडळी, एरवी मी इथे यंत्रमाग, सुताचे भाव आणि वीजबिल यांच्यावरच रडगाणं गातो. आज विषय वेगळा आहे. सोलापूरकरांनी तर लिहाच, पण बाहेरच्यांनीही लिहा.

शाळेतल्या मित्रांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मे पद्मशाली, काही लिंगायत, काही मराठा, आम्ही थोडे मुसलमान. परवा त्यावर एक फॉरवर्ड आला, की 'यांच्या'कडून काही विकत घेऊ नका. 'यांच्या' म्हणजे माझ्याकडून. टाकणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आहेराचे टॉवेल माझ्याच मागावरून गेले होते. पैसेही त्यानं वेळेवर दिले होते, हे आवर्जून सांगतो, कारण आमच्या धंद्यात ते दुर्मीळ.

त्याच आठवड्यात इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) मशिदीबाहेर एक तरुण आमच्या पोरांना समजावत होता, की गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, स्टॉल लावू नका, तिथं पाऊल टाकलं तरी ईमान (श्रद्धा) धोक्यात येतं. माझ्या चुलत्यांनी उभा जन्म सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर खेळणी विकली. पाळण्यांच्या गोंगाटात असरची (तिसऱ्या प्रहराच्या नमाजची) वेळ झाली की चादर अंथरून तिथंच नमाज. त्यांच्या ईमानाला काही झालेलं मला तरी दिसलं नाही.

दोन्हीकडे डोकं सारखंच तापलं. नमाजला उभा राहिलो तर तोंडात फातिहा (कुरआनची पहिली सूरह) आणि डोक्यात ग्रुपवर कुणाला काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव. सजद्यात गेलो तरी भांडण चालूच.

मी काही आलिम (धर्मपंडित) नाही. पण कुरआनातली एक आयत मला या दिवसांत धरून आहे. सूरह (अध्याय) माइदातली आठवी. तिचा आशय असा: एखाद्या समूहाबद्दलचा द्वेष तुम्हाला अन्यायाकडे ओढून नेऊ नये, न्याय करा, तेच तक्व्याच्या (ईश्वराचं भान ठेवून वागण्याच्या) अधिक जवळचं आहे. त्यात 'रागावू नका' असं म्हटलेलं नाही. मनात तेढ आहे हे धरूनच चाललेलं आहे. माझ्यासारख्याला याचा मोठा आधार वाटतो. राग आलाय? आला. पण म्हणून वजनात मारायचं नाही, खोटं बोलायचं नाही, एकासाठी सगळ्यांना झोडपायचं नाही. फॉरवर्ड टाकणाऱ्याच्या जातभाईंची माझ्याकडे ऑर्डर असेल तर ती तितकीच चोख जाणार.

सूरह आले इम्रानमध्ये (आयत १३४) जे भल्या लोकांचं वर्णन आहे त्यात राग गिळणारे आणि लोकांना माफ करणारे येतात. गिळण्यापर्यंत मी कसाबसा पोचलोय. माफीचं अजून जमलेलं नाही.

तुम्ही काय करता? मुसलमान नसलात तरी सांगा.

रविवारपेठी
सुंदर लिहिलंय भाईजान. ज्या गावाचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा आहेत, त्या गावात हा फॉरवर्ड फिरतो याची लाज वाटते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. दरवर्षी त्यांच्या पुतळ्यांना हार घालायला सगळे पक्ष येतात. संध्याकाळी घरी जाऊन हेच फॉरवर्ड पुढे ढकलतात.

पण एक विचारतो, राग मानू नका. 'गिळायचा' हे ऐकायला बरं वाटतं, पण यातून समोरच्याला मोकळं रान नाही का मिळत?

कोर्टकचेरी
रविवारपेठीकाका, अगदी हेच लिहायला आलो होतो. चादरगल्लीचाचा, तुमचा आदर आहे, पण आमच्या मोहल्ल्यात सब्र (धीर) हा शब्द ऐकून ऐकून माझी पिढी वैतागलीय. काही झालं की वडीलधारे म्हणतात, "सब्र करो बेटा". बहिष्काराची भाषा म्हणजे नुसता वाईट विनोद नाही. धर्माच्या नावावर समूहांत वैर पसरवणं हा गुन्हा आहे, पूर्वी भादंवि १५३अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन सरकारांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं, की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका.

आणि कुरआनच काढायचं असेल तर सूरह निसा, आयत १३५ बघा. न्यायासाठी ठाम उभे राहा, मग ते स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. 'उभे राहा' म्हटलंय, 'बसून राहा' नाही.

चादरगल्ली
@कोर्टकचेरी, बेटा, मान्य. मी तक्रार करू नका असं कुठं म्हटलंय? तक्रार करायला जातानाही हात थरथरत असतील तर अर्जात दोन खोट्या गोष्टी जास्तीच्या लिहिल्या जातात. तेवढंच थांबवायचंय.

तुझ्या आयतीतला एक भाग मात्र आपण सोयीनं विसरतो: 'स्वतःच्या विरुद्ध'. फॉरवर्डवर चिडणारे आमच्यात शंभर मिळतील. मशिदीबाहेरच्या त्या पोराला 'बाबा, तू चुकतोयस' म्हणणारे किती?

शेंगाचटणी
काय बे तुम्ही लोक, सकाळ सकाळ कलमं आन् आयती! 😄 आमच्या गल्लीत असलं कायबी न्हाई बघा. मोहरमला पंजे बसले की आमची आज्जी नवस फेडाया जाती, तिला कुणी इचारत न्हाई कुठल्या जातीची म्हनून. गजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली की शेजारचा रफिक (नाव बदललंय) पान्याच्या बाटल्या वाटत हुबा. गेल्या टायमाला त्यानं माझ्याकडनंच उधार घेतल्या. अजून दिल्या न्हाईत पैसे. ह्याला म्हनतात सर्वधर्मसमभाव.

रातपाळी
मी परिचारिका आहे, एवढंच सांगते, रुग्णालय कुठलं ते राहू द्या. वर्षभरापूर्वी रात्री एक आजोबा दाखल झाले. त्यांच्या मुलानं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि इन्चार्जना म्हणाला, दुसरी सिस्टर द्या. त्या रात्री दुसरी नव्हतीच. मी सलाईन लावलं, दर दोन तासांनी कूस बदलून दिली, पहाटे चादर बदलली. तो मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत होता. पुढं काही चमत्कार झाला असं समजू नका. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं इतरांचे आभार मानले, माझे नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फज्र (पहाटेची नमाज) मी बहुतेक ड्यूटीवरच पढते, चेंजिंग रूममध्ये, कपाटाला टेकून ठेवलेल्या जानमाजवर. त्या पहाटे दुवेसाठी हात उचलले आणि त्याच्यासाठी काही मागवेना. आजोबांसाठी मागितलं. तेवढं जमलं. तस्बीह करताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणेपर्यंत श्वास ताळ्यावर येतो, हा अनुभव आहे. सूरह रअदमध्ये म्हटलंय ना, की अल्लाहच्या स्मरणानंच मनाला शांती लाभते. मला ती शांती साखरेच्या पाकासारखी गोड कधी वाटली नाही. पुढचं काम करण्याइतकी ती पुरते.

खडूफळा
@रातपाळी ताई, डोळे भरून आले. आम्ही मुलांना एक गोष्ट सांगतो. पैगंबरांच्या वाटेवर एक म्हातारी रोज कचरा टाकायची. एक दिवस कचरा पडला नाही, तर ते तिच्या घरी गेले, ती आजारी होती, त्यांनी तिची विचारपूस केली. ही गोष्ट सांगितली की वर्गात एकदम शांतता होते.

मुक्काम_पुणे
@खडूफळा सर, गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) प्रमाणित संग्रहांत ती सापडत नाही. बऱ्याच आलिमांनी हे स्पष्ट सांगितलंय. सांगू नका असं नाही, पण ज्या पक्क्या आहेत त्या मला जास्त भिडतात.

ताइफची घ्या. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब वारल्यानंतरचा काळ. मक्केत आधार उरलेला नाही. ताइफला गेले, तर तिथल्या सरदारांनी टोळकी मागे लावली, दगड मारून पाय रक्तबंबाळ केले. डोंगरांचा फरिश्ता विचारतो, सांगाल तर यांना दोन डोंगरांमध्ये चिरडतो. ते म्हणाले, नको. यांच्या पोटी कदाचित एका ईश्वराला भजणारे निपजतील. फरिश्त्याचा हा संवाद बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे.

किंवा ती जनाजाची (अंत्ययात्रेची). एक अंत्ययात्रा समोरून गेली, पैगंबर उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, ती तर एका यहुद्याची होती. ते म्हणाले, तो जीव नव्हता का? एवढंच. माझ्या मते शाळेत हीच सांगा. कचरावाल्या म्हातारीच्या गोष्टीत समोरची बाई शेवटी बदलते, म्हणून आपल्याला बरं वाटतं. इथं समोरचा माणूस मेलेलाच आहे. त्याला इज्जत देऊन कुणाचा काही फायदा नाही.

कोरडवाहू
मी नास्तिक. घरात लिंगायत, मनात कुणीच नाही. धागा चांगला चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतो.

निवडक आयती काढून कुठलाही धर्म दयाळू दाखवता येतो. सूरह तौबाची पाचवी आयतही त्याच ग्रंथात आहे, 'जिथे सापडतील तिथे मारा'वाली. तिचं काय करायचं? आणि १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. तेव्हा समाजानं त्यांना काय वागणूक दिली? असहिष्णुता बाहेरूनच येते असं नाही.

संपादक
या धाग्यावरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. आयडींना समज दिली आहे. कोणत्याही समाजाला उद्देशून प्राण्यांची नावं चालणार नाहीत. @कोरडवाहू यांचा प्रतिसाद कठोर असला तरी मुद्द्याला धरून आहे, तो राहील.

चादरगल्ली
@कोरडवाहू, खडा आवडला. बिनमिठाचं काही सोलापुरात खपत नाही.

तौबाची पाचवी. ती करार मोडून लढाईला उतरलेल्या तेव्हाच्या मक्केकडच्या टोळ्यांबद्दल आहे, हे आधीच्या आणि पुढच्या आयती वाचल्या की कळतं. आधीची, चौथी, म्हणते की ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी तुम्हीही मुदत संपेपर्यंत पाळा. लगेचची सहावी म्हणते, त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या, आणि मग त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा. पण 'संदर्भ बघा' म्हणून मी हात झटकणार नाही. ती एकटी आयत उचलून बंदुकीला बांधणारे आहेत. आमच्याकडेही, आणि आमच्या विरोधातल्यांकडेही. दोघांनाही आधीची आणि नंतरची नको असते, हे मात्र गमतीचं.

दलवाईंबद्दल खरंच बोललात. त्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या घरात त्यांचं नाव काढलं की अब्बा विषय बदलायचे. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, ते श्रद्धेकडे ज्या नजरेनं बघत त्या नजरेनं मी बघू शकत नाही. पण त्या सात बायका बरोबर होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एका झटक्यातला तलाक रद्द केला. ते मशिदीतून आधी व्हायला हवं होतं. कारण ती पद्धत कुरआनात सांगितलेल्या, थांबत थांबत आणि समेटाला वाव देत जाणाऱ्या तलाकच्या उलटच होती.

रविवारपेठी
आपल्या गावापुरती भर. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरातच झालं. आपले प्रा. फकरुद्दीन बेन्नूर त्या चळवळीतले मोठं नाव. दोन्हीकडच्या जमातवादावर ते आयुष्यभर लिहीत राहिले आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. शाहीर अमर शेखही आपल्याच जिल्ह्यातले, बार्शीचे. ही माणसं अभ्यासक्रमात नसतात म्हणून पोरांना वाटतं, मराठी बोलणारा मुसलमान म्हणजे कुठलातरी अपवाद.

मुक्काम_पुणे
एक व्यावहारिक प्रश्न. जकात (आपलं दरवर्षीचं बंधनकारक दान) हिंदू शेजाऱ्याला देता येते का? आमच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलाची फी भरायची आहे.

चादरगल्ली
जकातीचे आठ हकदार तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितलेत आणि बहुतेक आलिम म्हणतात की नेहमीची जकात मुसलमान गरिबालाच. पण सदका, खैरात (ऐच्छिक दान) कुणालाही. त्यावर धर्माची अट नाही. सूरह बकरहची २७२ वी आयत बघा, तिचं तात्पर्य असं घेतलं जातं की सरळ वाटेवर आणणं तुमचं काम नाही, तुम्ही फक्त खर्च करा. तेव्हा हिशोब दोन ठेवा. अडीच टक्क्यांचा वेगळा (निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, चांदीनं धरला तर साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी बचत वर्षभर असली की लागू), आणि फी दुसऱ्या खिशातून. तुमच्या मौलवींना विचारूनच करा, मी टॉवेलवाला.

कुर्बानीचं मटण शेजारी देता येतं, पण आमच्या वाड्यात माळकरी आहेत, तिथं आम्ही बकरी ईदलाही शीरखुर्माच पाठवतो. न खाणाऱ्याच्या दारात मटण नेणं ही दानत नव्हे, आगाऊपणा.

शेंगाचटणी
शीरखुर्मा कधी, पत्ता काय? 🙋

रातपाळी
एक गंभीर गोष्ट राहिली. शांतीच्या गप्पा वाचून कुणी औषधं बंद करू नका, प्लीज. आमच्या वॉर्डात अशा मुली येतात ज्यांना घरचे सांगतात, "नमाज में दिल नहीं लगाती, इसलिए उदास रहती". हैद्र्याच्या दर्ग्याला नेतात, गुलबर्ग्याला बंदानवाजच्या दर्ग्याला नेतात. खुशाल न्या, मीही जाते, उर्साच्या गर्दीत त्या आवारात बसलं की मला हलकं वाटतं. सहाशे वर्षं झाली त्या बुजुर्गांना, दारात कुणाला धर्म विचारलेला नाही. पण झोप उडालेली, जेवण तुटलेलं, मरणाचं बोलणं चाललेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही न्या. हदीसच आहे, इलाज करा, अल्लाहनं उपाय नसलेला आजार उतरवलेला नाही (म्हातारपण सोडून). उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हेही पैगंबरांनीच सांगितलंय. गोळी हे उंट बांधणंच समजा.

कोरडवाहू
@रातपाळी +१. या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

@चादरगल्ली, उत्तर पटलं असं नाही, पण टाळलं नाहीत हे नोंदवतो. ग्रंथातल्या प्रत्येक अवघड ओळीला असा समजूतदार वाचक मिळेलच याची खात्री मला नाही, म्हणून मी राज्यघटनेवर जास्त भरवसा ठेवतो.

चादरगल्ली
त्यात काय वाद. घटना माझीही आहे.

कोर्टकचेरी
चाचा, मुद्द्याचं राहिलं. ग्रुपवर शेवटी काय लिहिलंत?

चादरगल्ली
वजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं) केला. राग आला की वजू करावा, उभा असलास तर बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं, असं सांगितलं जातं. मी तिन्ही करून पाहिलं. मग लिहिलं: "तुझ्याकडून मी आजवर किराणा घेतला, उद्याही घेईन. हा मेसेज माझ्याबद्दल आहे हे तुला माहीत आहे का? नसेल तर आता माहीत झालं. तू काढ, नाहीतर मी ग्रुपवरच चर्चा करेन." त्यानं काढला नाही. दोघांनी त्याला फोन केला, त्यातला एक पद्मशाली आणि एक मराठा, मला न विचारता. मग 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं दिसलं. माझ्याशी तो अजून बोललेला नाही. मी दुकानात जातो, साबण घेतो, सुटे पैसे मोजून घेतो.

मशिदीबाहेरच्या पोराशी बोलणं अवघड गेलं. तो हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्त हदीस पाठ. त्याला म्हटलं, पैगंबरांनी नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला मदिनेच्या मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली, असं सीरतच्या (पैगंबरांच्या चरित्राच्या) जुन्या ग्रंथात आहे ना? तो म्हणाला, त्यावर सनदेची, म्हणजे ती कुणाकुणाकडून सांगत आली त्या साखळीची, चर्चा आहे. म्हटलं, कर चर्चा, पण यंदा गड्ड्याला माझ्यासोबत चल, मला स्टॉलवर हात लागेल. हो म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही.

कोर्टकचेरी
फॉरवर्डचा स्क्रीनशॉट मी तरी जपून ठेवला असता. पुन्हा टाकला तर सरळ तक्रार.

चादरगल्ली
ठेवलाय की. कारखानदार आहे बेटा, कागद फाडत नाही.

शेंगाचटणी
गड्ड्याला स्टॉल कुठं लावनार ते सांगा, पोरास्नी घिऊन येतो. पर खेळन्याचं भाव जरा बघून लावा, गेल्या टायमाला तुमच्या चुलतभावानं भिंगरीचं लई घेतलं होतं.